बेदाग मुकादम

फोटोवाल्याचा हात एकदा माउसवर पडला की समोरच्या चेहऱ्याची काही धडगत नसे. तीळ गेला, चामखीळ गेली, डोळ्यांखालची वर्तुळं गेली, कपाळावरच्या आठ्या गेल्या. पासपोर्टसाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी, बसच्या पाससाठी येणारी माणसं त्याच्या अरुंद स्टुडिओत आपापल्या चेहऱ्यानिशी शिरत आणि दहा मिनिटांनी हातात आठ कॉप्यांचा कागद घेऊन बाहेर पडत. कागदावर त्यांचा एखादा सुखवस्तू मावसभाऊ छापलेला असे. असं कर म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पंधरा वर्षं तेच काम करून ते बोटांत मुरलं होतं. डाग दिसला की तो पुसल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे, आणि गिऱ्हाइकांचीही कधी तक्रार नव्हती.

तक्रार आली ती एकदाच, पण आली ती जन्माला पुरेल अशी. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे सोडवणारी. पासपोर्टसाठी फोटो काढून गेली आणि तीन आठवड्यांनी तणतणत परत आली. तिच्या हनुवटीवर ठसठशीत तीळ होता. अर्जात ओळखीची खूण म्हणून तिने तोच लिहिला होता. फोटोत मात्र हनुवटी धुतल्यासारखी स्वच्छ. अर्ज अर्थातच साभार परत.

"माझा तीळ कुठाय?" तिने काउंटरवर फोटो आपटत विचारलं.

"काढला," तो म्हणाला. आणि वर समजुतीच्या सुरात, "त्याचे वेगळे पैसे नाही घेतले हां मी."

यावर ती जे काही बोलली ते ऐकून शेजारचा किल्ल्या बनवणारा मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला. फोटोवाल्याने निमूटपणे नवा फोटो काढला, तीळ जागच्या जागी ठेवला, दोनदा ताडून पाहिला आणि माफी म्हणून चहा मागवला. त्या चहाला आता वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभरात इतके चहा झाले की किल्लीवालाच एक दिवस म्हणाला, "अरे, लग्न तरी करा, नाहीतर चहाची टपरी तरी टाका."

लग्न करायला दोघंही एका पायावर तयार होती. अडचण होती ती तिच्या बाबांची.

बाबा एका छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधल्या होत्या. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही ते चूक सापडते का म्हणून वाचत. तिची आई जाऊन सात वर्षं झाली होती. घरात आता तिघंच होते: बाबा, ती आणि मुकादम.

मुकादम म्हणजे वीतभर लांबीचा निळा बजरीगर. ज्यांना बजरीगर ठाऊक नाही त्यांनी पोपट डोळ्यांसमोर आणावा, तो गरम पाण्यात आटवावा आणि त्याच्या अंगात दहा पोपटांची उठाठेव भरावी. पोट आकाशासारखं निळं, तोंड पांढरंशुभ्र. कपाळाच्या मागून मानेवरून पाठीपर्यंत बारीक काळ्या रेघा उतरलेल्या, जणू कुणी टाकाने ओढल्यात. दोन्ही गालांवर जांभळा ठिपका, गळ्याभोवती काळ्या मण्यांची माळ आणि चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांच्या जागी, चकचकीत निळा उंचवटा. डोळे मोहरीएवढे, पण त्यांतून सुटत काही नसे.

नाव मुकादम पडलं ते त्याच्या वागण्यावरून. स्वतः काही काम करायचं नाही, दुसऱ्याच्या कामावर मात्र सतत देखरेख. बाबा पेपर वाचायला बसले की हा पानाच्या कडेवर चालत जाई आणि कोपरे कुरतडे. भाजी निवडायला घेतली की प्रत्येक पान उलटून बघे. टेबलावरचं पेन ढकलत ढकलत काठापर्यंत नेई, खाली पाडी आणि मान वाकडी करून ते कुठे पडलं हे तपासे. पेन उचलून ठेवलं की पुन्हा तेच. बोलत एक अक्षर नसे, पण पहाटेपासून बडबड मात्र अखंड, सभेला बसलेल्या माणसांसारखी. आपल्याकडे कुणी बघत नाही असं दिसलं की पिंजऱ्यातल्या घंटीला लाथ. दुपारी एका पायावर उभा राहून, पिसं फुलवून, चोच कराकरा घासत झोपायचा, आणि त्या वेळात घरात कुणी भांड्याला भांडं लावायचं नाही असा बाबांचा हुकूम होता.

तर एका रविवारी फोटोवाला पहिल्यांदा तिच्या घरी गेला. सोबत कॅमेरा घेऊन गेला. जड पिशवी खांद्याला असली की त्याला जरा आधार वाटे, एवढाच त्यात हेतू.

"या फोटोवाले," बाबा म्हणाले, आणि मग दहा मिनिटं काहीच म्हणाले नाहीत. ते बोलेनात, हा बोलेना. मुकादम तेवढा बाबांच्या खांद्यावरून दोघांच्या वतीने बोलत होता. तिने खूण केली, "अरे, पक्ष्याबद्दल काहीतरी विचार."

"काका, मुकादमाचा एक फोटो काढू का?" फोटोवाल्याने विचारलं.

बाबांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. त्यांनी कॉलर नीट केली. मुकादमही छाती काढून बसला. पहिला फोटो उत्तम आला. तिथेच थांबला असता तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण फोटोवाल्याला उजेड कमी वाटला. आणि उजेड कमी वाटला की कोणताही फोटोवाला जे करतो तेच त्याने केलं. घर कुणाचं, खिडकी कुणाची याचा विचार न करता तो उठला आणि त्याने काच सरकवली, जाळी सरकवली, वर "आता बघा कसा येतो!" म्हणून फ्लॅश उडवला.

मुकादम ताडकन उडाला. खोलीला तीन गरके घातले, दिव्याला धडकला, चौथ्या गरक्याला त्याला खिडकी दिसली. पुढे समोरच्या गच्चीवरून एक निळा ठिपका पलीकडे गेला, आणि मग तोही दिसेना.

खोलीत जी शांतता पसरली तिच्याबद्दल न बोललेलं बरं. सात वर्षांत त्या घराने तेवढी शांतता ऐकली नव्हती.

"काका, मी..." फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत कोंबला.

"मुकादम या घरात परत येईपर्यंत," बाबा एकेक शब्द तपासून ठेवत म्हणाले, "लग्नाचा विषय या घरात निघणार नाही."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे विघ्न एकच होतं, पण त्याला पंख होते.

फोटोवाला तडक स्टुडिओत आला. पोस्टर करायचं, गावभर लावायचं, मुकादमाला शोधून काढायचं! त्याने कॅमेऱ्यातला पहिला फोटो संगणकावर उघडला, मोठा केला आणि खाली मजकूर काय लिहायचा याचा विचार करू लागला. विचार डोक्यात चालला होता, हात माउसवर होता. 'निळा पक्षी हरवला आहे. आणून देणाऱ्यास आयुष्यभर पासपोर्ट फोटो मोफत.' बक्षीस सुचल्यावर तो स्वतःवरच खूश झाला. तास संपायच्या आत दोनशे प्रती छापून झाल्या, आणि दिवस मावळायच्या आत बेकरी, बसथांबा, औषधांचं दुकान, लाँड्री, शाळेची भिंत, जिथे म्हणून डिंक टिकेल तिथे त्या चिकटल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेला तर दारात रांग.

पहिल्या बाईंच्या हातात कबूतर होतं. "पांढरा आहे, पण लहानपणी निळा असेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या गृहस्थांनी कोंबडीचं पिल्लू आणलं होतं, निळीत बुडवलेलं. निळीचे ठसे त्यांच्या स्वतःच्या मनगटापर्यंत होते. त्यांच्या मागे मात्र खरेखुरे बजरीगर यायला लागले. एक बर्फासारखा पांढरा, लाल डोळ्यांचा. एक लिंबासारखा पिवळा. दोन हिरवे, एकमेकांच्या मानेत चोच खुपसून बसलेले. एका आजोबांनी तर पिंजऱ्यासकट आणला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमचा नाहीये हो. माझाच आहे. पण नातवंडं परगावी गेली, आता याच्याशी कोण बोलणार? ठेवून घ्या." आणि फोटो न काढताच निघून गेले.

मंगळवार संध्याकाळपर्यंत दहा बजरीगर जमले. मुकादम त्यांत नव्हता.

इतक्या पक्ष्यांचं करायचं काय? फोटो काढायच्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की चारी बाजू बंद. फोटोवाल्याने त्यांना तिथेच मोकळं सोडलं. दिव्यांच्या छत्र्यांवर पक्षी, मागच्या पडद्याच्या दांडीवर पक्षी, स्टुलावर पक्षी. धंदा बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, तेव्हा फोटोही तिथेच. "सरळ बघा, दोन्ही कान दिसू द्या, हसू नका," असं तो एका बँक मॅनेजरांना सांगत असतानाच लिंबूटिंबू पिवळा त्यांच्या टकलावर उतरला, इकडून तिकडे चालला आणि कानात डोकावला. मॅनेजर इतके हसले की नोकरी लागल्यापासून इतके हसलो नव्हतो असं त्यांनीच सांगितलं. पासपोर्टचा फोटो काही निघाला नाही, पण टकलावरच्या पिवळ्यासकटचा तो फोटो त्यांनी मोठा करून नेला.

बुधवारी दाणापाणी समजून घ्यायला फोटोवाल्याने बाजारातल्या पक्षीवाल्याला बोलावून घेतलं. तो आत येऊन सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाला, "मजेत आहेत. बजरीगर एकटा ठेवला की झुरतो. चार जमले की जत्रा." मग त्याची नजर भिंतीवरच्या पोस्टरवर गेली. तो जवळ गेला. मागे आला. पुन्हा जवळ गेला.

"हा कोण?"

"हाच तर हरवलाय. बजरीगर."

"बजरीगर?" पक्षीवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो, गळ्याला मणी नाहीत, गालाला जांभळं नाही, मानेवर एक रेघ नाही. चोचीवरचा निळा कुठे गेला? त्याच्यावरून तर नर ओळखायचा! असा पक्षी जगात नाही साहेब. हा उकडून सोललाय."

नेमकी त्याच वेळी ती दवाखान्यातून सुटून दारात येऊन उभी होती. तीही पोस्टर पहिल्यांदाच जवळून बघत होती. दोन दिवस तिची ड्यूटी आणि बाबांची समजूत यांतच गेले होते. फोटोवाला मान वळवून पोस्टरकडे बघायला लागला, आणि पुसलेलं एकेक आता त्याला दिसायला लागलं.

"काय केलंस तू?" ती म्हणाली.

"मी... अगं, मजकुराचा विचार करत होतो. हात आपोआप..."

"गळ्यावरचे मणी?"

"डाग वाटले."

"गालांवरचं जांभळं?"

"शाई सांडल्यासारखी वाटली."

"आणि मानेवरच्या रेघा?"

फोटोवाल्याने मान खाली घातली. "आठ्या," तो पुटपुटला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ती खोड पाखराच्या आठ्यांपर्यंत पोहोचेल असं तिला वाटलं नव्हतं. ती ओरडण्यासाठी तोंड उघडायला गेली आणि तिला हसू फुटलं. "पाखराच्या आठ्या काढल्या!" एवढंच तिला बोलता येत होतं. हसता हसता ती स्टुलावर बसली, स्टुलावरचे दोन हिरवे उडून तिच्याच डोक्यावर बसले, ते बघून पक्षीवाल्याला हसू आलं, आणि माणसं हसताहेत म्हटल्यावर दहाही पक्षी एकदम कल्ला करायला लागले. खोलीत कुणाचं कुणाला ऐकू येईना.

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिला खरंच रडू आलं. "तुला कळतंय का? तीन दिवस झाले. लोक याला शोधताहेत, आणि हा कुठे नाहीच आहे. तो सापडला नाही तर बाबा कधीच हो म्हणायचे नाहीत. आणि त्यांचं ‘हो’ नसताना मला ते घर सोडता येणार नाही."

फोटोवाल्याने तेव्हाच्या तेव्हा मूळ फोटो पुन्हा उघडला. बोटांनी दगा देऊ नये म्हणून उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने नवं पोस्टर केलं. मुकादम होता तसा छापला: मण्यांसकट, रेघांसकट, आठ्यांसकट. दोघांनी मिळून जुनी पोस्टरं खरवडली आणि नवी लावली.

"काका काय म्हणतात?" खरवडता खरवडता त्याने विचारलं.

"काहीच नाही. रिकाम्या पिंजऱ्यात रोज ताजे दाणे घालतात. पण एक कळत नाही रे. शोधायला म्हणून एकदाही बाहेर पडले नाहीत. पोस्टर दाखवते म्हटलं तर बघितलंही नाही."

नव्या पोस्टरने काही झालं नाही. गुरुवारीही नाही. लोकांच्या डोक्यात तो पहिला गोरा पक्षीच पक्का बसला होता. शुक्रवारी दुपारी, फोटोवाल्याने जवळजवळ आशा सोडली असताना, मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मावशी कपड्यांच्या टोपलीवर जाळी बांधून आल्या.

"तुमच्याकडे पाखरांची शाळा भरलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "हा एक दाखल करून घ्या बाबा. रविवारपासून माझ्याकडे आहे. इस्त्रीच्या टेबलावर येऊन बसला नि उठायचं नाव घेईना. दाणे खातो, पण बोलत नाही की हलत नाही. बोट पुढे केलं की चावतो तेवढा."

फोटोवाल्याने टोपलीत वाकून बघितलं. काळ्या मण्यांची माळ. गालांवर जांभळा ठिपका. आणि दोन मोहरीएवढे डोळे त्याच्याकडे अत्यंत नाराजीने बघताहेत.

"मावशी!" तो किंचाळलाच. "रविवारपासून? आणि पोस्टर? तुमच्या लाँड्रीच्या दारावरच तर लावलंय!"

"बघितलं की, पहिल्याच दिवशी. नवं कोण पुन्हा बघत बसतं? पण तुमचा तर गोरापान आहे. ह्याच्या अंगावर केवढे डाग! म्हटलं, कुणाचा तरी भलताच असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही स्वतःच्या हाताने घालून घेतलेला! फोटोवाल्याने मावशींना गदगदा हलवलं, आयुष्यभर मोफत फोटोंचं वचन दिलं, त्यांच्या सुनेला, नातवंडांनाही दिलं, किल्लीवाल्याला मिठी मारली आणि दवाखान्यात तिला फोन लावला. फोनवर तो काय बोलला ते तिला अर्धं कळलं, पण आवाजावरून पुरेसं कळलं.

टोपली आतल्या खोलीत उघडली. मुकादम बाहेर आला, पडद्याच्या दांडीवर बसला, आणि त्याला समोर दहा जण दिसले. पाच दिवस दाबून ठेवलेली सगळी बडबड एकदम सुटली. पाच मिनिटांत तो पिवळ्याला ढकलून वरच्या छत्रीवर बसला होता आणि कुणी कुठे बसायचं ते ठरवत होता.

तासाभरात ती बाबांना घेऊन आली. बाबा दारातून आत आले, दार लावून घेतलं आणि भिंतीशी उभे राहिले. अकरा पक्षी डोक्यावरून घिरट्या घालत होते.

"काका, तो बघा," फोटोवाला म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चिरकत होता. "वरच्या छत्रीवर. गळ्यावर पाच मणी, सहावा गालाखाली दडलेला. डाव्या गालाचं जांभळं उजव्यापेक्षा जरा खाली ओघळलंय. मानेवरची चौथी रेघ मध्येच तुटलीय. इथे मूळ फोटो आहे, ताडून बघा."

आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाचे डाग असे प्रेमाने मोजत होता.

बाबांनी वर बघितलं. फोटो बघितला. पुन्हा वर बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या... नव्हे, धोतर ते कधी नेसत नसत, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"हा नव्हे," ते म्हणाले.

"बाबा!" ती म्हणाली. "मुकादमच आहे. मला इथून दिसतोय."

"मी चाळीस वर्षं नजरेवर पोट भरलं. हा आमचा नव्हे. चला."

ज्या माणसाच्या नजरेखालून कधी एक मात्रा निसटली नाही, तो हातभर अंतरावरच्या मण्यांना नाही म्हणत होता. तिने बाबांकडे निरखून बघितलं. बाबा दाराची कडी शोधत होते, आणि ती त्यांना सापडत नव्हती.

एवढ्यात मुकादमाला ते दिसले. छत्रीवरून तो सरळ खाली आला आणि बाबांच्या खांद्यावर उतरला. डोकं वर-खाली, वर-खाली, भराभर हलवायला लागला. कपाळावरची पिसं फुलली. मग मान ताणून त्याने पोटातले दाणे चोचीत आणले आणि बाबांच्या कानाच्या पाळीला, अगदी हळुवार, भरवायला लागला. बाबा हलले नाहीत. दाणे कॉलरवर पडत होते.

"अगं बाई," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. त्या अजून गेल्या नव्हत्या, जाणारही नव्हत्या. "पाच दिवस मला नुसता चावला. यांना तर घास भरवतोय!"

बाबांनी खांद्याकडे हात नेला आणि मुकादमाच्या पाठीवर बोट ठेवलं. त्यांचे ओठ हलले. पण पक्ष्यांना माणसांच्या प्रसंगांचं काय? मुकादमाच्या घरचं माणूस आलं म्हटल्यावर दहा जणांनी असा गलका केला की कानठळ्या बसाव्यात.

"काय म्हणालात बाबा?" तिने ओरडून विचारलं.

"म्हटलं, तोच आहे हा!" बाबा ओरडले.

"मग नाही का म्हणालात?"

बाबा काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू गेलं नाही. मावशींनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्याने बोला!"

"तो सापडला की ही जाणार!" बाबा सगळ्या ताकदीनिशी ओरडले. जन्मभर कुजबुजत वाचलेल्या माणसाचा आवाज फाटला. "मुकादम गेला तर गेला म्हटलं, जीव तुटला तरी चालेल! पण ही गेली तर त्या घरात मी एकट्याने करायचं काय? मला एकटं राहता येत नाही गं! मला येत नाही!"

एवढं जिव्हारीचं गुपित गळा फाडून सांगावं लागलेला माणूस मावशींनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी तोंडाला पदर लावला. ती पुढे गेली आणि तिने मुकादमासकट बाबांना मिठी मारली. मुकादमाने लगेच मध्ये तोंड घातलं आणि तिच्या हनुवटीवरच्या तिळाला चोच मारून बघितली.

"बाबा, दहा मिनिटांवर राहणार आहे मी," ती त्यांच्या कानात ओरडली. "रोज येईन."

"रोज येतो म्हणणारे सगळे सुरुवातीलाच येतात," बाबा नाक ओढत म्हणाले. पण ते बोलता बोलता त्यांची नजर वर गेली होती. दोन हिरवे एकमेकांची मान खाजवत होते. पांढरा दिव्याच्या वायरला उलटा लोंबकळत होता. पिवळा छत्रीची आपली जागा परत घेण्यासाठी निकराने भांडत होता. बाबा बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"हे इतके सगळे कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत काका. लोक देऊन गेले, न्यायला कुणी येणार नाही," फोटोवाला म्हणाला. मग जरा भीत भीत, "पक्षीवाला म्हणतो, एकटा राहिला की हा पक्षी झुरतो."

"पक्षी," बाबा म्हणाले. "हं."

ते खोलीभर फिरले. प्रत्येकापाशी थांबले. पिवळ्याचा पंख जरा वाकडा आहे, पांढऱ्याची नखं वाढली आहेत, एका हिरव्याच्या शेपटीतलं एक पीस गळलं आहे, अशा एकेक चुका त्यांनी बोटावर मोजल्या. मोजताना त्यांचा चेहरा असा उजळत गेला की चाळीस वर्षांत कुठल्या पुस्तकाने त्यांना इतकं सुख दिलं नसेल. पिवळा येऊन त्यांच्या चष्म्याच्या दांडीवर बसला. मुकादमाने त्याला हुसकलं. तो पुन्हा आला.

"पिंजरे किती आहेत?" बाबांनी विचारलं.

"चार. पक्षीवाल्याकडून आणखी दोन आणता येतील."

"आणा. सगळे भरा. एकही मागे ठेवू नका."

"सगळे?" ती आणि फोटोवाला एकदम म्हणाले.

"मग काय? दोघं-दोघं वेगळे काढून पुन्हा कुणाला एकटं पाडायचंय?" पिंजरे भरून झाल्यावर बाबांनी मुकादमालाही एकात नीट बसवलं आणि ते दाराकडे वळले; कडी आता पहिल्या झटक्यात सापडली. "आमचा जिना अरुंद आहे. वळणावर पिंजरे तिरके धरावे लागतील. तुम्ही पुढे व्हा, जावईबापू."

फोटोवाल्याने दोन्ही हातांत दोन पिंजरे उचलले, आणि तिने मागून त्याला ढकलेपर्यंत तो तिथेच, दारात, तसाच उभा होता.